सोन्याची किल्ली

१७११ साली लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातलं एक दालन रिकामं होत होतं. तिथे राहणाऱ्या बाईंनी सामान हलवलं आणि जाताजाता दारांची पितळी कुलपंही काढून घेतली. ती आपण आपल्या पैशांनी बसवली होती, असं त्यांचं म्हणणं. शेकोट्यांच्या चौकटीही उचकटून नेल्याची बोलवा उठली, ती मात्र त्यांनी नाकारली. राणीच्या कानावर हे गेलं, तेव्हा ती भडकली. बाईंच्या नवऱ्यासाठी ऑक्सफर्डजवळ सरकारी पैशांनी प्रचंड प्रासाद उभा राहत होता. बाई माझं घर मोडत असतील तर मी त्यांचं बांधणार नाही, असं म्हणून राणीने त्या कामाचा पैसा अडवला.

घरमालकीण आणि भाडेकरू यांच्यातलं हे भांडण वाटावं. पण घरमालकीण होती ग्रेट ब्रिटनची राणी अ‍ॅन, आणि कुलपं नेणारी सारा चर्चिल, मार्लबरोची डचेस. अडतीसेक वर्षांची ओळख, त्यातली पंचवीस वर्षं तरी जिवाभावाची. आणि त्या मैत्रीच्या मोडण्याला युरोपभर पेटलेल्या एका युद्धाचं भवितव्य बांधलेलं होतं.

‘द फेव्हरिट’ हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही माणसं ओळखीची वाटतील. ऑलिव्हिया कोलमनला अ‍ॅनच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि ते रास्तच. मात्र त्यातले ससे आणि विषप्रयोग पटकथाकारांचे. राणीचा नवरा प्रिन्स जॉर्ज सिनेमात औषधालाही नाही. प्रत्यक्षात तो १७०८ पर्यंत हयात होता आणि राणीचा त्याच्यावर जीव होता. खरी गोष्ट सिनेमाहून रुक्ष आहे, पण मला ती जास्त रंजक वाटते. तिच्यात दारं आहेत, जिने आहेत, किल्ल्या आहेत आणि हातमोजेसुद्धा.

सारा जेनिंग्ज १६६० साली जन्मली. घराणं सेंट ऑल्बन्सकडचं, जमीनदारांचं, पण कर्जाने पोखरलेलं. १६७३ मध्ये, तेराव्या वर्षाच्या आसपास, ती दरबारात आली. गादीवर तेव्हा दुसरा चार्ल्स होता. होय, तोच, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न केल्यावर आपली मुंबई आंदण मिळाली. राजाचा भाऊ जेम्स याच्या नव्या बायकोची सखी म्हणून साराची नेमणूक झाली. जॉन चर्चिल नावाचा देखणा, महत्त्वाकांक्षी आणि खिशाने हलका लष्करी अधिकारी तिच्या मागे लागला. त्याच्या घरच्यांना श्रीमंत सून हवी होती. १६७७-७८च्या हिवाळ्यात दोघांनी गुपचूप लग्न उरकलं. सत्तेच्या बाजारात जुळलेल्या इतक्या लग्नांमध्ये हे एक प्रेमाचं निघालं आणि शेवटपर्यंत टिकलं.

जेम्सची धाकटी मुलगी अ‍ॅन साराहून पाच वर्षांनी लहान. आई लवकर गेलेली, डोळ्यांचा विकार, बोलायला बुजरी. सारा देखणी, तल्लख आणि तोंडाने फटकळ. एकीला जे नव्हतं ते सगळं दुसरीकडे होतं. १६८३ मध्ये अ‍ॅनचं लग्न झालं आणि तिने साराला आपल्या खास परिवारात मागून घेतलं. पुढे तिला ‘युवर हायनेस’ या संबोधनाचाही जाच वाटू लागला. दोघींनी पत्रांसाठी साधी नावं घेतली. राजकन्या झाली मिसेस मॉर्ली आणि सारा मिसेस फ्रीमन. फ्रीमन हे नाव साराने आपणहून निवडलं, कारण मोकळं बोलणं हा आपला स्वभाव, असं ती सांगे. या एका नावात तिची सगळी कुंडली आहे असं मला वाटतं.

१६८८च्या नोव्हेंबरात विल्यम ऑफ ऑरेंज फौज घेऊन इंग्लंडात उतरला. जॉन चर्चिल, आता राजा झालेल्या जेम्सला सोडून, त्याला जाऊन मिळाला. एका रात्री अ‍ॅन आणि सारा मागच्या जिन्याने उतरून, बाहेर थांबलेल्या लंडनच्या बिशपबरोबर पसार झाल्या. राजाची पोटची मुलगी बापाविरुद्ध गेली, आणि तिला जिना उतरवणारी सारा होती. पुढच्या वर्षी पार्लमेंटने अ‍ॅनला वर्षाला ५०,००० पौंडांची नेमणूक बांधून दिली. त्यासाठीची खटपट साराचीच. नवी राणी मेरी, म्हणजे विल्यमची बायको आणि अ‍ॅनची सख्खी बहीण, यामुळे दुखावली. १६९२ मध्ये मार्लबरोला, म्हणजे साराच्या नवऱ्याला, पदावरून काढलं गेलं, तेव्हा मेरीने साराला हाकलण्याचा हुकूम सोडला. अ‍ॅन ऐकेना. तिने राजवाड्याजवळचं आपलं घर सोडलं, बहिणीशी बोलणं सोडलं. १६९४च्या डिसेंबरात मेरी देवीच्या आजाराने गेली तरी दोघींचा समेट झालेला नव्हता.

या सगळ्या काळात अ‍ॅनवर काय गुदरत होतं ते विसरून चालणार नाही. सतरा गरोदरपणं. बहुतेक गर्भातच गेली, काही बाळं दोन-चार तास किंवा महिने जगली. एकच मुलगा वाढला, तोही १७०० मध्ये अकराव्या वर्षी गेला. १७०२ मध्ये ती राणी झाली तेव्हा सदतीस वर्षांची होती. संधिवाताने इतकी जखडलेली, की राज्याभिषेकाला तिला खुर्चीतून न्यावं लागलं.

राणी होताच तिने साराच्या ओटीत पदं घातली. ती नुसती मानाची नव्हती. ‘मिस्ट्रेस ऑफ द रोब्ज’ म्हणजे राणीच्या सगळ्या कपड्यालत्त्याची मुखत्यारी. ‘कीपर ऑफ द प्रिव्ही पर्स’ म्हणजे राणीच्या खासगी पैशांचा हिशेब. आणि सर्वांत वरचं ‘ग्रूम ऑफ द स्टोल’. या पदाचं मूळ सांगायला जरा संकोच वाटतो. ट्यूडर राजांच्या शौचपात्राची व्यवस्था पाहणाऱ्या सरदाराचं ते पद. काम हलकं वाटेल, पण राजा जिथे एकटा असतो तिथे ज्याला जाता येतं त्याच्यापुढे मंत्रीही वाकतात. अ‍ॅनच्या काळापर्यंत शौचपात्राचा संबंध सुटला होता, प्रवेश मात्र उरला होता. त्याची खूण म्हणून सोन्याची किल्ली मिळे.

पार्लमेंट तोवर बळकट झालेलं, व्हिग आणि टोरी हे पक्ष आकाराला आलेले. पण मंत्री नेमायचे ते राणीनेच, आणि ती मंत्रिमंडळाच्या बैठकांना स्वतः बसे. राणीला कोण कधी भेटेल, तिच्या हाती कुठलं पत्र आधी पडेल, हे ठरवणारी व्यक्ती कुठल्याही खातेप्रमुखाइतकी मोलाची. १७०४ मध्ये त्या युरोपभरच्या युद्धात मार्लबरोने ब्लेनहाइमला फ्रेंचांचा धुव्वा उडवला, तेव्हा घोड्यावरूनच एका खानावळीच्या बिलाच्या पाठीवर त्याने पेन्सिलीने चार ओळी खरडल्या. देशाच्या एवढ्या मोठ्या विजयाची ती पहिली बातमी राणीच्या नावे नव्हती, साराच्या नावे होती. राणीला माझा मुजरा सांग, असा त्यात निरोप होता.

अशी बाई हरली कशी?

नेहमीचं उत्तर असं, की अबिगेलने तिला दगा दिला. अबिगेल हिल ही साराच्या आत्याची मुलगी. बापाचं दिवाळं निघालं, मुलगी दुसऱ्यांच्या घरी चाकरीला लागली. साराने तिला उचलून घरी आणलं, तिच्या भावंडांची सोय लावली आणि तिला राणीच्या शयनगृहात कामाला ठेवलं. साराच्या लेखी ही अस्तनीतल्या निखाऱ्याची कथा. पण मला अबिगेलच्या कामाचं स्वरूप जास्त बोलकं वाटतं. बऱ्याच वर्षांनी, वेगळ्या राणीच्या काळात, जुने रिवाज विचारले गेले तेव्हा अबिगेलने ते कळवले. सरदार घराण्यातल्या ‘लेडीज’ आणि त्यांच्याखालच्या ‘विमेन’ यांच्यात कामाची वाटणी पक्की होती. राणीची अंतर्वस्त्रं खालच्या बाईने वरच्या बाईच्या हाती द्यायची, वरचीने राणीला. राणीला स्वतः घालता येत नसतील तर हातमोजे घालायचे ते खालच्या बाईने. चॉकलेटचा पेलाही तिनेच आणायचा.

संधिवाताने सुजलेले ते हात. मोजे चढवताना किती सावकाश, किती सांभाळून ओढावे लागत असतील! साराला हे जमणारं नव्हतं आणि तिला त्यात रसही नव्हता. राणीची संगत कंटाळवाणी, हे ती लपवतही नसे. १७०३ मध्ये तिचा हयात असलेला एकुलता मुलगा केंब्रिजला देवीने गेला. त्यानंतर ती दरबारापासून आणखी लांब राहू लागली. राणीच्या उशाशी बसणं, रात्रीबेरात्री उठणं, हे सगळं अबिगेलकडे गेलं. सारा लांबून पत्रं पाठवी आणि त्यांत व्हिगांची तरफदारी असे. राणी टोरींच्या धार्मिक निष्ठेकडे झुकणारी, पण कुठल्याच पक्षाच्या मुठीत जायला तयार नसलेली. १७०६ अखेर साराच्या जावयाला, कट्टर व्हिग असलेल्या संडरलंडला, मंत्री करणं तिला भाग पडलं. तो घाव ती विसरली नाही. किल्ली साराच्या कमरेला राहिली. खोलीत वावर मात्र दुसरीचा झाला.

१७०७ मध्ये अबिगेलने सॅम्युएल मॅशमशी गुपचूप लग्न केलं. साराला ते मागाहून कळलं, आणि कळलं ते असं, की राणी स्वतः त्या लग्नाला हजर होती. प्रिव्ही पर्समधून राणीने मागवून घेतलेल्या २,००० पौंडांचा अर्थही तिला आता लागला. रॉबर्ट हार्ली हा धूर्त मंत्री अबिगेलचा दुसरीकडून नातलग. तो मागच्या जिन्याने राणीला भेटू लागला. वीस वर्षांपूर्वी सारा जिथून अ‍ॅनला बाहेर घेऊन गेली, त्याच प्रकारची वाट.

इथून पुढे साराने एकही चूक करायची सोडली नाही. राणी आणि अबिगेल यांच्या संबंधांवर अश्लील गाणी निघाली, तर हिने त्यांचा उल्लेख पत्रात करून राणीच्या अब्रूची काळजी दाखवली. १७०८च्या ऑगस्टमध्ये विजयाच्या प्रार्थनेला दोघी सेंट पॉल्सला निघाल्या. साराने काढून ठेवलेले दागिने राणीने घातले नव्हते. त्यावरून गाडीत सुरू झालेली कुरबुर चर्चच्या दारापर्यंत पोचली, आणि तिथे साराने राणीला गप्प बसायला सांगितलं. लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून सांगितलं, असा तिचा खुलासा. असेलही. पण चारचौघांत राणीला गप्प करणारी बाई लोकांनी पाहिली.

आपल्याला हे जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं साराच्याच लेखणीतून आलेलं आहे, आणि उरलेलं तिच्या शत्रूंच्या. त्यात जोनाथन स्विफ्टसारखा जहरी लेखक. अ‍ॅनची बाजू मांडणारं कोणी नाही. म्हणून ती कायम कुणाच्या तरी हातातलं बाहुलं दिसते. ६ एप्रिल १७१०, गुड फ्रायडेच्या आदला दिवस. केन्सिंग्टन राजवाड्यात दोघींची शेवटची भेट झाली. उत्तराची अपेक्षा नाही, फक्त ऐकून घ्या, असं साराने आधी कळवलं होतं. ती रडली, आर्जवं केली, आरोपांचा खुलासा मागितला. राणीने तेच वाक्य परत परत तिच्या पदरात टाकलं: तुम्हाला उत्तर नको होतं, ते मिळणार नाही. जन्मभर फटकळपणाला मोकळेपणा म्हणत आलेल्या बाईला यापेक्षा नेमका प्रतिकार कुणी केला नव्हता.

बाकीचं भराभर घडलं. त्याच वर्षी संडरलंडचं पद गेलं, मग खजिन्याचा प्रमुख गोडॉल्फिनचं. जानेवारी १७११ मध्ये मार्लबरोने, युरोपातल्या त्या काळच्या अव्वल सेनापतीने, बायकोची पदं राहावीत म्हणून राणीपुढे गुडघे टेकले. राणीला फक्त किल्ली परत हवी होती. नवरा घरी आला तेव्हा साराने ती जमिनीवर भिरकावली, असं सांगतात. वस्त्रागार आणि किल्ली सॉमरसेटच्या डचेसकडे गेली, प्रिव्ही पर्स अबिगेलकडे. हिशेब देताना साराने १७०२ मध्ये मानभावीपणे नाकारलेले वर्षाचे २,००० पौंड नऊ वर्षांचे मिळून १८,००० वळते करून घेतले. राणीने मंजूर केले. मग ती कुलपं. वर्षअखेर मार्लबरोलाही बडतर्फ केलं गेलं, आणि १७१३ मध्ये ब्रिटनने फ्रान्सशी तह करून त्या युद्धातून अंग काढलं.

दरबाराबाहेरची सारा मला अधिक आवडते. लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीवर नवऱ्याचा हक्क, असा इंग्लंडचा कायदा असताना तिने आपला पैसा स्वतंत्र ठेवला आणि स्वतः वाढवला. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांनी सगळा देश खुळा केला. साराने फुगा फुटणार हे ओळखून वेळेत विकलं आणि सुमारे एक लाख पौंड कमावले. १७२२ मध्ये जॉन गेल्यावर सॉमरसेटच्या ड्यूकने मागणी घातली, ती तिने साफ नाकारली. तोंड काही बदललं नाही. ऑक्सफर्डजवळच्या त्या ब्लेनहाइम प्रासादाचा वास्तुशिल्पी व्हॅनब्रू याच्याशी तिचं इतकं फाटलं, की १७२५ मध्ये तो बायकोसह आपलीच कलाकृती पाहायला आला, तर तिच्या हुकमाने त्याला आवाराबाहेरच अडवलं.

१७४२ मध्ये, ब्याऐंशीच्या घरात, तिने दरबारातल्या आपल्या वर्तनाची कैफियत छापली. लेखनाला मदत केली म्हणून नॅथॅनियल हुक याला ५,००० पौंड दिले. राणीने न ऐकलेलं उत्तर अखेर तिने जगाला ऐकवलं, राणी जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर. १७४४ मध्ये ती गेली.

ब्लेनहाइमच्या लांबलचक ग्रंथालयात आजही अ‍ॅनचा संगमरवरी पुतळा आहे. शिल्पकार रिसब्राक. पायाखाली कोरलेल्या मजकुरात राणीचा गौरव आहे. पुतळा करवून घेतला साराने, सत्तरी ओलांडल्यावर, स्वतःच्या पैशांनी.