बाहुलीची साक्ष
उजेड वाढला म्हणजे डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि तो मंदावला म्हणजे विस्तारते, एवढीच तिची हकीकत क्रमिक पुस्तकांत दिलेली असते. परंतु प्रकाशात तिळमात्र फरक झालेला नसताना, केवळ समोरच्या चित्राचा विषय बदलल्यानेही तिचा व्यास बदलतो, हे शिकागो विद्यापीठातील एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले. तान्ह्या बालकाचे चित्र पाहताना स्त्रियांच्या बाहुल्या ठळकपणे विस्तारल्या. पुढे हेस यांनी असे प्रतिपादन केले की, प्रिय दृश्याने बाहुली विस्तारते आणि अप्रिय दृश्याने ती मिटू लागते. हा सिद्धान्त इतका सुबक होता की जाहिरातदारांनाही त्याची भुरळ पडली. पण तो टिकला नाही. फ्लोरिडा विद्यापीठातील मार्गारेट ब्रॅडली, पीटर लँग आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली असे दाखवले की, आनंददायक छायाचित्रे आणि भीषण छायाचित्रे या दोहोंनी बाहुली उदासीन चित्रांपेक्षा अधिक विस्तारते, आणि त्याच वेळी त्वचेची विद्युत्‌वाहकताही वाढते. हे दोन बदल बरोबरीने व्हावेत याचे कारण उघड आहे: बाहुली विस्फारणारा स्नायू आणि त्वचेतील घर्मग्रंथी या दोहोंवर अनुकंपी मज्जासंस्थेचाच अंमल चालतो. भावना किती तीव्र आहे याची साक्ष बाहुली देते; ती सुखाची की भयाची, याविषयी तिची जबानी घेऊन उपयोग नाही.

परंतु मला याहून अधिक विलक्षण वाटते ते दृष्टीच्या दिशेचे प्रकरण. आपले डोळे सेकंदातून तीन-चार वेळा जागा बदलतात, कारण दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका लहानशा खळग्यातच सूक्ष्म तपशील टिपण्याचे सामर्थ्य असते. तेव्हा पुढची नजर कोठे पडावी याचा निवाडा मेंदूला अखंड करावा लागतो. हा निवाडा बिघडला म्हणजे काय होते, ते एका उदाहरणावरून कळते. अमेरिकेतील एका स्त्रीच्या मेंदूतील दोन्ही बाजूंची अमिग्डाला नावाची बदामाकृती केंद्रे एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाने नष्ट झाली होती. शास्त्रीय वाङ्मयात तिचा उल्लेख केवळ एस. एम. या आद्याक्षरांनी होतो. इतर बहुतेक भाव ओळखणाऱ्या या स्त्रीला चेहऱ्यावरचे भय मात्र ओळखता येत नसे, हे राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली नोंदविले, आणि अमिग्डाला हे भय ओळखण्याचे ठाणे होय, असा अर्थ त्यातून स्वाभाविकपणे काढला गेला. अकरा वर्षांनी त्याच संशोधकांनी तिच्या नजरेचा मार्ग तपासला, तेव्हा असे आढळले की ती समोरच्या चेहऱ्याच्या डोळ्यांकडे आपण होऊन पाहतच नव्हती. आणि भय तर विस्फारलेल्या डोळ्यांतच सर्वांत स्पष्ट उमटते. ‘डोळ्यांकडे पाहा’ अशी स्पष्ट सूचना मिळताच ती इतर कोणाही माणसाइतक्याच बिनचूकपणे भय ओळखू लागली. म्हणजे ओळखण्याची शक्ती शाबूत होती. हरपली होती ती, चेहऱ्यातील महत्त्वाच्या जागी नजर आपोआप वळवणारी अंतःप्रेरणा. सूचना काढून घेतल्यावर तिची नजर पुन्हा डोळ्यांना टाळू लागली, आणि भय तिला पूर्वीसारखेच दिसेनासे झाले.