मेंढी घे, वीट दे!

‘हे जरा अवघड जाईल हां तुम्हाला. एखादा पार्टी गेम दाखवू का?’

काऊंटरमागच्या मुलाने हे विचारलं, तेव्हा मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. सोबत माझा मावसभाऊ होता, वय वर्षं सोळा. पुढची दहा मिनिटं तो मुलगा फक्त त्याच्याशीच बोलत होता. गंमत म्हणजे खरेदी माझी होती, पैसे माझ्या स्टायपेंडचे (पहिल्यावहिल्या!) होते आणि गेम होता भावाच्या दहावीच्या निकालाचं बक्षीस. भावाला ‘व्यापार’च्या पलीकडचा एकही बोर्ड गेम माहीत नव्हता. शिवाय तो मराठी माध्यमातला, आणि समोरचा दादा फाडफाड इंग्लिशमध्ये मेकॅनिक्स, स्ट्रॅटेजी वगैरे ऐकवत होता. बिचारा नुसता मान डोलवत राहिला. शेवटी मीच विचारलं, आत काय असतं ते एखादा बॉक्स उघडून दाखवाल का? ‘घेणार असाल तर उघडतो.’ आम्ही निघालो.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा एकाच दुकानाचा प्रश्न नाही. खेळणाऱ्या मैत्रिणींकडे विषय काढला, तर जवळपास प्रत्येकीकडे असा एक किस्सा निघाला. एकीला ‘बॉयफ्रेंडसाठी गिफ्ट का?’ असं विचारलं गेलं होतं. दुसरी तर गेली चार वर्षं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे डाव चालवते. १९७४मध्ये अमेरिकेत आलेल्या या खेळात एक जण गोष्ट रचत जातो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. गोष्ट रचणाऱ्याला नियम चांगले माहीत असावे लागतात. तिला दुकानात काय ऐकावं लागलं? ‘आधी नियम वाचून घ्या हं मॅडम.’

ज्यांनी ही दुकानं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. तुळशीबागेत मिळणारे ल्युडो, सापशिडी, कॅरम इथे सहसा नसतात. इथे असतात पुठ्ठ्याचे नकाशे, शेकडो पत्ते, लाकडी सोंगट्या आणि चित्रविचित्र फासे भरलेले जाडजूड बॉक्स. बरेचसे बाहेरच्या देशांतून आलेले, त्यामुळे किंमत बघून पोटात गोळा येतोच. कपडे आपण ट्रायल रूममध्ये घालून बघतो, पुस्तक चाळून बघतो. गेमचं काय करणार? बॉक्सवरच्या चित्रावरून काही म्हणजे काही कळत नाही. कुणीतरी समोर बसून एक डाव शिकवला, तरच तो आपल्याला आवडेल की नाही हे समजतं. म्हणजे या दुकानात खरी विकत घेण्यासारखी गोष्ट असते ती शिकवणाऱ्याचा वेळ. आणि नेमका तोच बिलात कुठे लिहिलेला नसतो.

हे मला दुसऱ्या दुकानात कळलं. पुण्यातच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दारातच हाताने लिहिलेला कागद: ‘वडापाव खाऊन आला असाल तर आधी हात धुवा. तेलकट पत्ते परत गोरे होत नाहीत.’ आत चार टेबलं, कोपऱ्यात डेमोचे उघडे बॉक्स. दुकानवाल्या दादाने भावाला पहिला प्रश्न विचारला, ‘घरी किती जण खेळणार? भांडणं चालतील का?’ चालतील म्हटल्यावर त्याने ‘कटान’ काढला.

‘कटान’ म्हणजे या दुनियेतली बाराखडीच. क्लाऊस टॉयबर या जर्मन डेंटल टेक्निशियनने तो तयार केला. १९९५मध्ये तो बाजारात आला आणि त्याच वर्षी त्याने जर्मनीचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कारही पटकावला. एकोणीस षटकोनी तुकडे जोडून एक बेट करायचं, त्यावर घरं आणि रस्ते बांधायचे. त्यासाठी लाकूड, विटा, गहू, मेंढ्या, खनिज असा माल लागतो. तो फाशांवर मिळतो, आणि नाही मिळाला तर समोरच्याकडून अदलाबदल करून घ्यायचा. दहा गुण आधी करणारा जिंकला.

दादाने नियमांची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. सरळ खेळायला बसवलं, तेही चक्क मराठीत. ‘रिसोर्स’चं त्याने ‘माल’ केलं, ‘रॉबर’चं ‘दरोडेखोर’. शेजारच्या टेबलावरची इंजिनीअरिंगची दोन मुलं भिडू म्हणून ओढली. सहा आणि आठ हे आकडे लाल रंगात का, हे त्याने भावालाच शोधायला लावलं. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी सात सहा वेळा येतो, सहा आणि आठ पाच-पाच वेळा. म्हणून लाल आकड्यांशेजारी घर बांधायचं. सातला मात्र माल मिळतच नाही, उलट दरोडेखोर फिरतो आणि हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील तर निम्मे टाकावे लागतात. दहावीला संभाव्यता हा धडा ऑप्शनला टाकलेला माझा भाऊ अर्ध्या तासात ओरडत होता, ‘एक मेंढी घे, वीट दे! बरं, दोन मेंढ्या घे!’ नातेवाइकांसमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो हा मुलगा.

चाळीस मिनिटं झाली. आम्ही ‘थँक यू दादा, सांगतो’ म्हणून बाहेर पडलो. जिन्याच्या वळणावर मी मोबाईल काढला. ऑनलाइन तोच बॉक्स सहाशे रुपयांनी स्वस्त. स्टायपेंड किती असतो हे इंटर्न्सना सांगायला नको. मी तिथेच ऑर्डर करून टाकली.

बॉक्स आला तो कोपऱ्यात चेपलेला. गव्हाची शेतं चार हवीत, निघाली तीन. कंपनी माल परत घ्यायला तयार होती, पण बदली बॉक्स नव्हता. भाऊ हिरमुसला. मग काय, तोंड लपवत त्याच दादाकडे गेलो. त्याने काही न विचारता खालच्या कप्प्यातून एक बरणी काढली. झिजलेल्या डेमो बॉक्सेसचे उरलेले तुकडे तो त्यात साठवून ठेवतो. त्यातून गव्हाचं एक शेत निघालं, जरा मळकं. बऱ्याच प्रकाशकांकडे हरवलेले तुकडे मागवता येतात, तेही त्याने दाखवलं.

मला राहवेना. मी सांगून टाकलं, कुठून घेतलं ते. तो म्हणाला, ‘माहितीये गं. सगळे त्या वळणावरच थांबतात. आमचा वायफाय तिथपर्यंत पोचतो.’

हा लेख तिथून सुरू झाला. त्याचं म्हणणं, नुसते बॉक्स विकून भाडं निघत नाही. टेबलाचे तासाचे पैसे आणि कोल्ड कॉफी यांवर दुकान उभं आहे. ही युक्ती जगभर चालते. टोरोंटोमध्ये २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘स्नेक्स अँड लॅटेज’ या कॅफेने बसून खेळण्याचेच पैसे घेतले, आणि खेळ शिकवायला माणसं ठेवली. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या कंपनीने तर २०००पासून दुकानांमध्ये शुक्रवारच्या स्पर्धा सुरू केल्या, म्हणजे गिऱ्हाईक दर आठवड्याला येणारच.

दादाला देव करायचं कारण नाही. त्याच्याकडचे रेग्युलर्स आपापसातल्या जोक्सवर इतके हसतात की नवा माणूस परका वाटतो. आणि बाथरूम? तळमजल्यावर, अंधारात, कडी न लागणारं. ती गोष्ट रचणारी मैत्रीण म्हणाली, ‘दुकान मुलींसाठी आहे की नाही हे मी काऊंटरवर नाही, बाथरूममध्ये ठरवते.’ हे दादाला सांगितलं. तो ओशाळला. पुढच्या खेपेला कडी लागत होती, बल्ब अजून नव्हता.

त्या खेपेचं कारण, घरी आम्ही पाच जण आणि ‘कटान’ चौघांचा. पाच-सहा जणांसाठी जोडबॉक्स मिळतो. या वेळी ऑनलाइन किंमत मी काऊंटरवर, त्याच्यासमोरच बघितली. साडेतीनशेचा फरक. दादाने दीडशे सोडले, दोनशे मी सोडले. भावाने बॉक्स तिथेच उघडला आणि एकेक तुकडा मोजून घेतला.