कर्जरोखा आणि शेअर

मी श्रीगोंद्याकडचा ऊसवाला शेतकरी. पैसा म्हटलं की लोकांना नोटा दिसतात. मला सातबाऱ्यावर चढलेला सोसायटीचा बोजा दिसतो. आमच्याकडे पैसा हातात येण्याआधी कागदावर येतो.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. ते लोण लगेच नगर जिल्ह्यात, आमच्या तालुक्यातही पोचलं. त्यांना तिजोरीपेक्षा कर्जरोखे हवे होते. मिळाले तिथं जाळले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सारा मात्र वाढलेला. थकलेलं व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा व्हायचा, आणि अक्षरओळख नसलेला कुणबी त्यावर अंगठा उठवायचा. १८७९ च्या कायद्याने कोर्टाला मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. सावकार काही गेला नाही. पेरणीला पैसा लागतोच ना!

त्यावर तोड निघाली ती आमच्याच जिल्ह्यातल्या लोणी गावात. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये तिथं सहकारी पतसंस्था काढली. पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, शेतकऱ्यांकडून शेअर गोळा करत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शेअरच्या या कागदावर शेतकऱ्याचं नाव मालकाच्या रकान्यात आलं.

आता कारखान्यांत राजकारण आहेच. उसाचं बिल थकलं की आम्हीही चिडतो. पण सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तेव्हा वार्षिक सभेची नोटीस आली की जा, अहवाल वाचा आणि हिशेब विचारा.