उजनीचा काठ : दुष्काळी मुलखातील विसाव्याची जागा

निळे पाणी, पांढरी वाळू, माडांची सावली आणि हाताशी कोणतेही काम नसलेले चार दिवस ! सुट्टीचे हे चित्र लक्षद्वीप किंवा मालदीवच्या बेटांशी निगडित झालेले आहे. बारामती व इंदापूर हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले. तेथे असा किनारा असेल, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटावी. तथापि भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या गावांच्या शिवारात उजनी जलाशयाचा जो विस्तीर्ण काठ निर्माण झाला आहे, तो आज अनेक कुटुंबांच्या विसाव्याचे ठिकाण ठरला आहे.

काठ कसा निर्माण झाला ?

भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यातील निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा म्हणून गणला जातो. भीमेचे खोरे येथे सपाट असल्याने पाणी खोल न साचता दूरवर पसरले. नदीकाठची काळी जमीन आणि नांदती गावे पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा दृष्टीस पडते. पाहुण्यास ते प्रेक्षणीय वाटते; परंतु ज्यांची घरे त्याच्या आसपास होती, त्यांच्या दृष्टीने ती आपल्या गावाची वर्षाकाठची भेट असते. पर्यटकाच्या विसाव्यामागे हा त्याग उभा आहे, हे विसरता येणार नाही.

चिखलाचे वैभव

प्रवाळबेटांवरील पांढरी वाळू बव्हंशी प्रवाळाच्या व शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची असते. प्रवाळ मेले की तो किनाराही झिजू लागतो. उजनीच्या काठाचा प्राण मात्र चिखलात आहे. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो. पुढे शेतीसाठी व पिण्यासाठी पाणी सोडले जाऊ लागले की पातळी हळूहळू उतरते आणि उथळ, दलदलीचे पट्टे उघडे पडतात. उंचवट्याच्या जागा बेटांसारख्या वर येतात. या चिखलातील शेवाळ, सूक्ष्म जीव व कीटक हेच पक्ष्यांचे अन्न होय.

हिवाळ्यात येथे येणारा रोहित पक्षी आपली वाकडी चोच उलटी करून पाण्यात बुडवितो आणि चोचीतील जाळीने अन्न गाळून घेतो. त्याच्या पंखांचा गुलाबी रंग या अन्नातील रंगद्रव्यांतूनच येतो. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, तसेच चित्रबलाक व चमचे यांचे थवेही येथे दिसतात. पहाटे होडीतून शांतपणे हे दृश्य पाहावे, दुपारी काठावरील घरी ज्वारीची भाकरी व ताज्या मासळीचे कालवण जेवावे, असा येथील सुट्टीचा साधा क्रम आहे. एखादा दिवस अधिक असल्यास बारामती तालुक्यात सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहता येतो. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे पाच चौरस किलोमीटरांचे आहे.

रोजगार आणि जबाबदारी

पाहुण्यांच्या वर्दळीमुळे मच्छीमार कुटुंबांना जाळ्याच्या जोडीला दुसरे उत्पन्न मिळाले. होडी चालविणारा तरुण पक्ष्यांची नावे सांगू लागला. गृहिणीच्या चुलीला बाजारमूल्य आले. परंतु हे उत्पन्न काठाच्या शांततेवर अवलंबून आहे. छायाचित्राच्या हव्यासाने होडी थव्यात घातली की पक्षी उडतात, त्यांचे खाणे खंडित होते आणि पुनःपुन्हा असे घडल्यास ते जागा सोडतात. काठावर टाकलेले प्लॅस्टिक व फाटकी जाळी यांचाही उपद्रव पक्ष्यांना आणि मासळीला सारखाच होतो.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अकस्मात सुटलेल्या वाऱ्याने उलटली व सहा जणांना प्राण गमवावे लागले. ते पर्यटक नव्हते, नित्याच्या कामाने जाणारे प्रवासी होते. तथापि पाणी तेच आहे आणि वाराही तोच. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येताच होडी काठालाच ठेवणे, क्षमतेपेक्षा अधिक माणसे न घेणे आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असणे, हे तीन नियम कोणत्याही सबबीवर शिथिल होता कामा नयेत.

ग्रामपंचायतींना येथे बरेच काही करता येईल. अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ मध्ये यंत्राविना चालणाऱ्या नौकांच्या नोंदणीचीही तरतूद आहे; तिचा लाभ घेऊन गावातील प्रत्येक होडीची नोंद व तपासणी व्हावी. धक्क्याजवळ स्वच्छतागृह, कचऱ्याची व्यवस्था आणि नियमांचा ठळक फलक असावा. शिक्षकांनी हिवाळ्यात विद्यार्थ्यांकडून पक्ष्यांच्या नोंदी करून घेतल्यास काठाचे खरे राखणदार गावातच तयार होतील.

दूरच्या बेटावरील किनारा निसर्गाने दिला. उजनीचा काठ गावांनी आपल्या जमिनी देऊन घडविला. त्यावर विसावा घेणाऱ्याने तो जपावा आणि त्याचा पहिला लाभ या गावांनाच मिळावा, हेच न्याय्य होय.