आग्या मोहोळ आणि आपली भीती

या व्याख्यानाचं जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न आमच्याकडे वारंवार आला. ‘त्या आफ्रिकन किलर माश्या पुण्यात आल्यात का हो?’ सोबत मोबाईलवर फिरणारा एखादा व्हिडिओ. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

नाही आल्या. ती गोष्ट ब्राझीलची. १९५६ मध्ये वॉरविक केर या शास्त्रज्ञाने जास्त मध मिळावा म्हणून आफ्रिकेतून राणीमाश्या आणल्या. पुढच्याच वर्षी त्यांतल्या २६ राण्या आपापल्या थव्यांसह पेट्यांतून निसटल्या, तिथल्या युरोपीय माश्यांशी त्यांचा संकर झाला आणि तो पसरत पसरत १९९० मध्ये अमेरिकेत टेक्सासला पोचला. १९७८ च्या ‘द स्वॉर्म’सारख्या सिनेमांनी भीतीत भर घातली ती वेगळीच. खरं तर या माशीचं विष साध्या मधमाशीपेक्षा जास्त जहाल नसतं. फरक असतो तो संख्येचा. चिडल्या की शेकड्यांनी बाहेर पडतात आणि लांबवर पाठलाग करतात.

आता गंमत बघा. हे वर्णन जिला जवळजवळ तंतोतंत लागू पडतं, अशी एक माशी आपल्याकडे पूर्वापार आहे. आग्या. सोसायटीच्या छज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीला, पुलाखाली, उंच वडाला जे काळपट, अर्धगोल पोळं लटकतं, ते हिचं. शिवनेरी, लेण्याद्रीसारख्या ठिकाणी पर्यटकांवर माश्या उठल्याच्या बातम्या येतात, त्याही बहुतेक हिच्याच. परदेशातल्या माशीला घाबरायचं आणि डोक्यावरच्या माशीची माहिती नाही, असं आपलं चाललंय.

आग्या एवढी तापट का? तिचं घर बघा म्हणजे कळेल. आपली सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते. तिला दार असतं. पेटीत ती पाळताही येते. आग्याचं पोळं एकच, कधीकधी मीटरभर रुंद, आणि पूर्ण उघडं. आतली अंडी, अळ्या, मध यांच्यावर छप्पर कसलं, तर माश्यांच्याच अंगांचा पडदा. गांधीलमाशी जवळ आली की हा पडदा पोट वर उचलून लाट उठवतो, पाण्यावर उठावी तशी. जिला भिंतच नाही, तिला हल्ला हाच बचाव.

पण ती उगाच उठत नाही. दगड, धूर, फटाके, पोळ्याजवळ गेलेला ड्रोन, ही माणसाची कारणं. एक कारण मात्र माणसाच्या हातात नाही. मोहोळघार हा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो, तुकडा घेऊन उडून जातो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना त्याचा भुर्दंड बसतो. रात्री बाल्कनीतल्या दिव्यावर चार माश्या आल्या तर तो हल्ला नव्हे, त्या उजेडाला येतात. दिवा बंद करा, झालं.

समजा, उठल्याच. तर पळा. उभं राहून हात झटकू नका, जमिनीवर आडवे पडू नका. टॉवेल, ओढणी, शर्ट, जे हाताला लागेल त्याने चेहरा झाका, पण पुढचं दिसू द्या, आणि घर किंवा बंद गाडी गाठा. दोन-चार माश्या सोबत आत आल्या तरी चालेल, बाहेर त्याहून जास्त आहेत. विहिरीत, टाकीत उडी मारायची ही जुनी समजूत अगदी सोडून द्या. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि श्वासासाठी डोकं वर आलं की डसतात. गडावर असाल तर कड्याकडे धावू नका, आल्या वाटेने मागे फिरा.

नांगी आकडेदार असल्याने कातडीतच राहते आणि माशी गेल्यावरही विष सोडत राहते. शिवाय तिथून एक गंध सुटतो, साधारण पिकल्या केळासारखा, जो बाकीच्या माश्यांना ‘इथे’ असं सांगतो. म्हणून सुरक्षित जागी पोचताच नांगी काढा. नखाने काढा, चिमटीने काढा, पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. चुना लावणं, लोखंड घासणं यात वेळ दवडू नका. डंख खूप असतील तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा. आणि एकाच डंखाने ओठ-जीभ सुजली, दम लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली तर तो ॲलर्जीचा झटका असू शकतो. तिथे मिनिटं मोजायची असतात. लगेच १०८ ला फोन.

राहिला सोसायटीचा प्रश्न. सभेत ठराव होतो आणि औषध फवारणारा बोलावला जातो. आमचं स्पष्ट मत, हे करू नका. मरणाऱ्या, चवताळलेल्या माश्या जिन्यात, गॅलऱ्यांत पडतात आणि अनवाणी पायाखाली येतात. आग्या स्थलांतर करणारी आहे. फुलोरा संपला की वसाहत आपणहून उठून जाते. तोवर खालची जागा दोरी लावून बंद करा, वरच्या खिडक्यांना जाळी बसवा, मुलांना दगड मारू देऊ नका. पोळं शाळेच्या दारावर किंवा लिफ्टच्या खोलीशीच असेल, तर मात्र ते काढणाऱ्या जाणकारालाच बोलवा. खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच, गणेशखिंड रस्त्यावर आहे. सल्ला विचारायला लांब जायला नको. माश्या गेल्यावर रिकामं पोळं खरवडून ती जागा स्वच्छ करा, कारण आग्या वर्षानुवर्षं त्याच जागी परतते. आता प्रश्न घेऊ.