प्रसूतीच्या आणीबाणीसाठी आपली रुग्णालये सज्ज आहेत का?

मातृत्व हे परमेश्वराचे वरदान आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. हे वरदान स्वीकारताना कोणत्याही मातेने प्राण गमावू नयेत, ही जबाबदारी मात्र परमेश्वराने माणसांवर सोपविली आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस पुणे शहरात घडलेल्या एका घटनेने या जबाबदारीचे गांभीर्य सर्वांसमोर आणले. जुळ्या बाळांची माता होऊ घातलेली एक गर्भवती शहरातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात गेली असता दहा लाख रुपये अनामत मागण्यात आली, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. पुढे दुसऱ्या रुग्णालयात तिने जुळ्या मुलींना जन्म दिला. पण तिचे प्राण वाचले नाहीत.

अशा वेळी प्रश्न पडतो : रुग्णालय ‘सज्ज’ आहे, असे केव्हा म्हणावे? भव्य इमारतीवरून किंवा खाटांच्या संख्येवरून ते ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००९ मध्ये ती सुधारली. त्यांनुसार मूलभूत सेवा देणाऱ्या केंद्रात सात कामे झालीच पाहिजेत : इंजेक्शनद्वारे प्रतिजैविके देणे, गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी औषध देणे, आकडी थांबविणारे औषध देणे, अडकलेली वार हाताने काढणे, गर्भाशयात राहिलेले अवशेष काढणे, व्हॅक्यूम किंवा चिमट्याच्या साहाय्याने प्रसूती करणे आणि न रडणाऱ्या नवजात बाळाला श्वास देणे. यांखेरीज सिझेरियन शस्त्रक्रिया व रक्त देण्याची सोय असेल तरच त्या केंद्राची सेवा परिपूर्ण मानली जाते.

या पाहणीची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. ‘तुमच्याकडे ही सोय आहे का?’ एवढेच विचारून तपासणारे थांबत नाहीत. ‘गेल्या तीन महिन्यांत हे काम येथे प्रत्यक्ष झाले का?’ हे ते नोंदवहीत पाहतात. झाले नसेल तर का झाले नाही, हेही शोधतात. तशी गरजच पडली नाही, की प्रशिक्षित माणूस नव्हता? औषध संपले होते, की यंत्र बंद होते? की नियमच आड आला? कपाटात कुलूपबंद असलेले औषध आणि रात्री दोन वाजता परिचारिकेच्या हाताशी असलेले औषध यांत एका जिवाचे अंतर असते.

हे अंतर घड्याळाने मोजता येते. याच मार्गदर्शक पुस्तिकेतील अंदाजानुसार, प्रसूतीनंतरच्या तीव्र रक्तस्रावावर उपचार न झाल्यास माता सरासरी दोन तासांत दगावू शकते. प्रसूतीपूर्व रक्तस्रावात हा अवधी बारा तास, गर्भाशय फाटल्यास एक दिवस, आकडी आल्यास दोन दिवस, तर जंतुसंसर्गात सहा दिवस असतो. म्हणूनच भूलतज्ज्ञ दूर राहत असेल किंवा रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर ती केवळ गैरसोय राहत नाही.

पाच लाख लोकसंख्येमागे अशी किमान पाच केंद्रे, व त्यांतील एक परिपूर्ण, असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. म्हणजे तेव्हाच किमान ३१ केंद्रे हवी होती. ससून, महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय, केईएम आणि असंख्य खासगी प्रसूतिगृहे असलेल्या या शहरात रुग्णालयांचा तुटवडा नाही. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदविले गेले. देशाचे प्रमाण ९७ होते. ही प्रगती समाधानकारक आहे. तथापि, संख्या पुरेशी असली तरी दार वेळेवर उघडेलच, याची हमी ती देत नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णास त्वरित दाखल करून घ्यावे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत व त्यासाठी अनामत मागू नये. ही तरतूद प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असली पाहिजे.

नियम माणसाच्या आड येऊ शकतो, हा धडा ख्रिस्तसभेच्या इतिहासातही आहे. एकेकाळी व्रतस्थ भगिनींना प्रसूतिशास्त्राचे काम करण्याची मुभा नव्हती. रावळपिंडीच्या रुग्णालयात काम करताना डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी पाहिले, की पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जाऊ शकत नाहीत आणि उपचाराविना मरतात. त्यांनी १९२५ मध्ये ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ हा संघ स्थापन केला. अखेर १९३६ मध्ये रोमने ही बंदी उठविली. सज्जतेसाठी साधनांइतकीच मनाची तयारीही लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपण काय करू शकतो? सातवा महिना लागण्यापूर्वीच कुटुंबाने रुग्णालयात जाऊन चार प्रश्न विचारावेत : रात्री व रविवारी डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कोठून व किती वेळात मिळते? नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे का? प्रकृती बिघडल्यास कोठे पाठविले जाते, आणि सोबत कोण जाते? मातेचा रक्तगट, तपासणीचे कागद व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरात सर्वांच्या हाताशी असावा. धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूहांनी रक्तदात्यांची व रात्री वाहन देऊ शकणाऱ्यांची यादी तयार ठेवावी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने गरजू कुटुंबांना सरकारी योजनांची माहिती द्यावी.

देवदूताचा निरोप ऐकून पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातील एलिझाबेथकडे ‘त्वरेने’ गेली, असे संत लूक सांगतो. गर्भवतीच्या मदतीला त्वरेने जाणे हीच आपल्या श्रद्धेची रीत आहे. ती त्वरा आपल्या घरांत, धर्मग्रामांत आणि रुग्णालयांच्या दारात दिसो, ही प्रार्थना.