पाण्याखालचं पोट

गेटवेच्या कठड्यावरून यॉटी बघायच्या तर अष्टमी गाठावी. उधाणाला पाणी असं धावतं की सगळ्या नावा निमूट एकाच दिशेला तोंड करतात. अष्टमीच्या भांगाला प्रवाह ढिला, वाऱ्याचंही थोडं चालतं, आणि प्रत्येकीचा स्वभाव उघडा पडतो. भरतीचा हिशेब कोकणात सगळ्यांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट. आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. मी चारलाच जाऊन बसलो.

भरती आत येत होती, वारा वायव्येचा. एक जुनी लाकडी नाव बंदराच्या मुखाकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभी. शेजारची उंच, पांढरी फायबरची मात्र ताज हॉटेलकडे बघत होती. तीही दाव्याला बांधलेल्या वासरासारखी, कधी डावीकडे ओढ, कधी उजवीकडे. जुनीच्या तळाला जवळजवळ नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग, खोल कणा असतो, त्याला पठाण म्हणतात. पाणी तिला धरून ठेवतं. नवीच्या तळाला मधोमध माशाच्या परासारखं एक अरुंद पातं, बाकी पोट उथळ, वर भिंत उंच. तिला वारा हाकतो. पाण्याखालचं दिसत नाही म्हणतात, पण असं दिसतं.

नावांची ही दोन घराणी. पहिल्या घराण्यातली सर्वांत नामांकित नाव मुंबईतच बांधली गेली. ३२ फुटी ‘सुहैली’, सागवानी, इथल्या सुतारांनी वाकस आणि सामता चालवून घडवलेली. आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकनाचा. त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचावनौकांत, म्हणून मागची बाजूही नाळेसारखीच निमुळती. तिच्यातून ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या स्पर्धेत १४ जून १९६८ला इंग्लंडमधल्या फालमथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता ३१२ दिवसांनी परतले. नऊ स्पर्धकांत पोचलेले ते एकटेच. वाटेत आपोआप दिशा राखणारं यंत्र मोडलं, तेव्हा नुसती शिडं जुळवून ‘सुहैली’ आपला रस्ता धरून राहिली. हे त्या लांब पठाणाचं देणं.

दुसऱ्या घराण्यातली आपली ‘म्हादेई’. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, ५६ फुटी, आराखडा डच, २००९ साली नौदलात आली. जड नावेच्या कमाल वेगाचा ढोबळ नियम असा: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४. २५ फुटांना ६.७ नॉट, ४९ फुटांना ९.४; म्हणजे ‘म्हादेई’सारख्या लांब नावेला वेग आपसूक जास्त. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३मध्ये ‘म्हादेई’तून मुंबई ते मुंबई जगप्रदक्षिणा, एकटे आणि विनाथांबा, पाच महिन्यांत करून आले. ‘सुहैली’शी ही तुलना जरा अन्यायाचीच, मधे चव्वेचाळीस वर्षांची साधनं आहेत.

पण लांब पठाण म्हणजे कवच, असंही समजू नये. २०१८च्या गोल्डन ग्लोबमध्ये टॉमींची ‘तुरीया’ ही ‘सुहैली’चीच गोव्यात बांधलेली प्रतिकृती होती. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीचा कणा जायबंदी झाला. २०२२च्या स्पर्धेला ते पुन्हा निघाले, स्पर्धेच्या अटीप्रमाणे पुन्हा लांब पठाणाच्याच नावेतून, आणि २०२३मध्ये दुसरे आले. मला त्यांचं ते पुन्हा निघणं फार बोलकं वाटतं.

सहाला पाणी थांबलं. लाकडीही वळून ताजकडे बघू लागली. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. वीसेक मिनिटं तशाच. मग ओहोटी लागली. पांढरी वाऱ्यालाच धरून होती. लाकडीच्या नाळेपाशी पाण्याची बारीक रेघ उमटली, आणि नाव सावकाश उत्तरेकडे फिरली.